एक शीट, दोन शीट : आमच्या वडापचा इतिहास



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक अर्धा तास उशिरा सुरू झाली. तिघीजणी फाट्यावर ताटकळत होत्या. गाडी समोर उभी होती, पण भरत नव्हती म्हणून सुटत नव्हती. इतिवृत्ताच्या वहीत उशिराचं कारण लिहावं लागतं. आम्ही लिहिलं, ‘वडाप’. सहज मागची पानं चाळली तर हेच कारण जागोजागी. कुठं ‘वडाप मिळालं नाही’, कुठं ‘वडाप पंक्चर’, आणि एका पानावर चक्क ‘वडाप लग्नाला गेलं’. कर्ज, हप्ता आणि व्याज यांच्या खालोखाल आमच्या वहीत कुणाचं नाव जास्त वेळा आलं असेल तर ते या गाडीचं. तेव्हा ठरवलं, यावेळी रेडिओवर लोणच्याचं किंवा गांडूळखताचं बोलायचं नाही. ज्या गाडीत बसून आपण बाजार, बँक, दवाखाना आणि माहेर करतो, तिची गोष्ट सांगायची.

वडाप म्हणजे काय हे कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या बाईला सांगावं लागत नाही. विदर्भात, खानदेशात हिलाच काळी-पिवळी म्हणतात. जीप, ट्रॅक्स, मॅजिक, ओम्नी, गाडी कुठलीही असो, माणसं जमली की सुटते आणि हात केला की थांबते, ती वडाप. आम्हाला त्या शब्दात आपली ‘वड’ ऐकू येते, म्हणजे ओढ. फाट्यावर उभी असलेली बाई बघून क्लीनर जी पिशवी ओढून घेतो आणि म्हणतो, “चला वैनी, एकच शीट, लगेच सुटतीया,” त्यात वडच आहे सगळी. ‘लगेच’ म्हणजे किती, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पण गोष्ट वडापपासून सुरू होत नाही.

आपलं मलकापूर हे जुन्या वाटेवरचं गाव. इथून कोकणात उतरायला दोन घाट, आंबा आणि अणुस्कुरा. आंब्यानं गेलं की रत्नागिरी, अणुस्कुऱ्यानं गेलं की राजापूर. १८४४ साली गडकऱ्यांचं बंड झालं, त्यानंतर इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली आणि विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं मलकापुरात आलं. म्हणजे कचेरीचं काम निघालं की आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना मलकापूर गाठावं लागायचं, तेव्हाही आणि आताही. घाटाखालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे, वरून तांदूळ आणि गूळ खाली जायचा. आधी बैलांच्या पाठीवरून, पुढं घाटरस्ता झाल्यावर बैलगाड्यांतून. माल गाडीत बसायचा आणि बाई चालायची. आमच्या आज्या-पणज्यांनी डोईवर पाटी घेऊन जे अंतर तुडवलं, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, मिरजेहून. ती कोल्हापुरात जी थांबली ती थांबलीच. पश्चिमेला आपल्याकडं आजतागायत आली नाही. त्यामुळं शाहूवाडी तालुक्याच्या बाईच्या नशिबात रस्ता आणि रस्त्यावरचं जे चाक असेल ते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यात खाजगी मोटारी भाड्यानं धावू लागल्या. लोक त्यांना ‘सर्व्हिस मोटार’ म्हणायचे. त्या मोटारींबद्दल जुनी माणसं जे सांगत, ते ऐकलं की हसू येतं. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही. वेळापत्रक मालकाच्या मनात. भाडं माणूस बघून. टपावर बोजे, त्यावर माणसं. दोन मालकांच्या गाड्या एकाच रस्त्याला असल्या की उतारू पळवायला शर्यत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा मागं भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. सांगा बरं, यात भट्टी सोडली तर वडापपेक्षा वेगळं काय आहे? माणसं जमवून एकेका बैठकीचे पैसे घ्यायची रीत तर मोटारीच्याही आधी टांग्याची. आपण वडापला नव्या जमान्याची म्हणतो, पण ती मधली तीस-चाळीस वर्षं दडून बसलेली जुनीच पद्धत आहे.

सरकारनं या मोटारींना १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं वेसण घातली. परवाना, ठरलेला रस्ता, ठरलेलं भाडं. त्यामागं उतारूंची काळजी होती, तशी रेल्वेचं उत्पन्न बुडू नये ही काळजीही होती. मग स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबई सरकारनं ठरवलं की प्रवासी वाहतूक सरकारनंच करायची. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. त्या दिवशी आपलं कोल्हापूर मात्र अजून संस्थान होतं. ते मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. पुढं महाराष्ट्र झाला, महामंडळ झालं, ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद गाडीवर आलं आणि ‘गाव तेथे एसटी’ ही घोषणा गावागावात पोचली. मलकापुरात आगार झालं.

एसटीनं बाईला काय दिलं, हे आम्ही गटातल्या सगळ्यात वयस्क आक्कांना विचारलं. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्हाला वाटलं त्या म्हणतील, पाय वाचले. त्या म्हणाल्या, “तिकीट.” आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की तोपर्यंत त्यांच्या नावानं कुणी कधी कागद फाडला नव्हता. बरोबर दीर होता, पण कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली, एक दिराचं आणि एक त्यांचं. ते तिकीट त्यांनी कितीतरी दिवस कनवटीला ठेवलं होतं. पुढं ‘महिलांसाठी’ अशी पाटी लावलेली बाकडी आली. पुरुष त्यावर बसायचेच, पण बाईला ‘उठा’ म्हणायचा हक्क होता आणि नाही उठला तर कंडक्टर उठवायचा. आक्कांच्या मते आयुष्यात परक्या पुरुषाला ‘उठा’ म्हणायची संधी त्यांना पहिल्यांदा एसटीनं दिली.

आणि मुक्कामाची गाडी! ही गोष्ट आताच्या पोरींना सांगायलाच हवी. संध्याकाळी दिवेलागणीला गाडी गावात यायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी परत निघायची. गावातली कुठली तरी घरं त्यांना भाकरी-कालवण द्यायची. गाडी गावात झोपलेली असली की गावाला धीर असायचा. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, तर निदान उजाडायला गाडी आहे. मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाचं पत्र, पैसे, सणाला येणारा तो माणूस स्वतः, सगळं त्याच गाडीनं यायचं. आपला तालुका मुंबईच्या जिवावर जगलेला. गावात बाया आणि म्हातारी माणसं, आणि गाडीकडं डोळे.

मग एसटीचं बिनसलं कुठं? आमच्या मते एकाच जागी नाही. गाव वाढलं, फेऱ्या नाही वाढल्या. पहाटेची गाडी आणि संध्याकाळची गाडी, मधल्या दिवसभरात ज्या बाईला दवाखान्यात किंवा तहसील कचेरीत जायचं तिनं काय करायचं? सकाळी जाऊन काम अर्ध्या तासात झालं तरी संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. शाहूवाडीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात रस्ता खचला, मोरी वाहून गेली की फेरी रद्द, आणि एकदा रद्द झालेली फेरी पुन्हा सुरू व्हायला अर्ज-विनंत्या.

ही जी दिवसाची मधली पोकळी होती, तिथं वडाप शिरलं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. टेम्पो ट्रॅक्स, महिंद्राच्या लांब जीपा बाजारात आल्या होत्या, त्या हप्त्यावर मिळत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि मुंबईहून माणसं परतली होती, घरात हाताला काम नसलेली तरणी पोरं होती. गाडी घ्यायची आणि कोल्हापूर रस्त्याला, बांबवड्याला, आंब्याकडं नाहीतर आतल्या वाड्यांना लावायची. मलकापूर ते बांबवडे एक शीट, दोन शीट. हिशोब साधा होता : मोठी एसटी दहा माणसांत तोट्यात जाते, जीप दहा माणसांत भरते. म्हणून जिथं एसटीला परवडत नव्हतं तिथं जीप दिवसातून चार खेपा करू लागली.

इथवर ठीक होतं. पण वडाप नुसत्या आडवळणाच्या गावांवर थांबलं नाही. ते मोठ्या रस्त्यावर एसटीच्या दहा मिनिटं आधी सुटू लागलं. थांब्यावरची माणसं उचलून घेऊ लागलं. मागून येणारी एसटी रिकामी. रिकामी म्हणून तोटा, तोटा म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून वडापला आणखी माणसं. या फेऱ्यात आमच्या गावची मुक्कामाची गाडी कधी बंद झाली, ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. कुणी दवंडी दिली नाही. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि आम्ही वडापनं जायला लागलो. खरं सांगायचं तर ती बंद पडण्यात आमचाही हात आहे. एसटी यायला पाच मिनिटं असताना आम्हीच जीपमध्ये चढलो होतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा दोन प्रकार मानतो. एक टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत जाणारी गाडी. जशी एसटी. दुसरी ठेका वाहतूक, म्हणजे एका गिऱ्हाइकानं पूर्ण गाडी ठरवायची आणि इथून तिथं जायचं, वाटेत परका माणूस घ्यायचा नाही. जीपला, मॅक्सी कॅबला परवाना असतो तो या दुसऱ्या प्रकारचा. मॅक्सी कॅब म्हणजे चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं. म्हणजे बघा, गाडीचं पासिंग चोख असलं, पिवळी पाटी असली, तरी ‘एक शीट’ म्हणून हाक मारली की परवान्याची अट मोडली. आणि पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी असेल तर पैसे घेऊन माणूस बसवायचाच नाही.

याचा आपल्याशी संबंध पोलिसापुरता नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गटातली बाई अशाच गाडीतून पडली. मागच्या दाराला कडी नव्हती, दोरी होती. वळणावर दोरी सुटली. पायाची दोन हाडं मोडली. गाडी पांढऱ्या पाटीची, मागं दाटीवाटीनं माणसं. कुणाची गाडी, ते सांगून आता उपयोग नाही. भरपाईसाठी दावा लावायचा तर विमा कंपनीचं म्हणणं, घरगुती गाडी भाड्यानं चालवली, आम्ही बांधील नाही. गाडीवाल्याकडं द्यायला काही नव्हतं. शेवटी आपसात मिटलं आणि दवाखान्याचं बिल त्या बाईनं गटाच्या कर्जातून भागवलं. एसटीच्या तिकिटात २०१६ पासून अपघात सहाय्य निधीचा एक रुपया असतो, तो आपल्याला जड वाटतो. वडापमध्ये तिकीटच नाही. आपण त्या गाडीत होतो याचा पुरावाच नाही. आक्का तिकीट कनवटीला का ठेवत होत्या, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग वडाप वाईट का? तसंही म्हणवत नाही. याच गटातल्या दुसऱ्या एका मुलीचं बाळंतपण वडापवाल्यामुळं नीट झालं. रात्री दोनला त्याच्या दाराची कडी वाजवली, तो बनियनवर उठून आला आणि पैसे आठ दिवसांनी घेतले. आमच्या नाचणीच्या पापडांच्या पिशव्या मलकापूरच्या दुकानात तोच पोचवतो, चिठ्ठी आणि पैसे परत आणतो. म्हाताऱ्या आज्जीला दारात सोडतो. एसटीचा कंडक्टर नियमाचा माणूस, थांबा सोडून थांबणार नाही. वडापचा पोरगा आपल्याच भावकीतला, “मामी, जरा सरकून घ्या की,” म्हणून नववा माणूस कोंबणार आणि तोच उतरताना आपलं पोर कडेवर घेणार.

बैठकीत आम्ही सगळ्याजणींना एक प्रश्न विचारला. वडापवर तुम्ही समाधानी आहात का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, “बरं आहे की.” मग आम्ही फोड करून विचारलं. वेळेवर सुटतं? नाही. बसायला जागा मिळते? नाही. भाडं ठरलेलं असतं? बाजारादिवशी नाही. अंधार पडल्यावर एकटीनं बसाल? इथं सगळ्या गप्प झाल्या. शेवटी एक म्हणाली, “दोन बाया आधीच बसलेल्या असतील तर बसते, नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघते, आणि पुढची गाडी नसली तर भावाला फोन करते.” कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीनं सांगितलं, मधल्या बाकावर जागा नसेल तर ती दप्तर पोटाशी धरून मागं बसते आणि पूर्ण वाटेत झोपत नाही. तिच्या आईला हे त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं. या सगळ्याला आम्ही ‘बरं आहे’ म्हणतो, कारण दुसरं काही नसताना जे असतं ते बरंच असतं. म्हणून कुणी सर्वेक्षणाचा कागद घेऊन आलं आणि ‘समाधानी’, ‘असमाधानी’ असे चौकोन पुढं केले, तर आधी विचारा, दुसरी गाडी आहे का? असेल तर उत्तराला अर्थ.

हे फक्त आपलं गाऱ्हाणं आहे असं नाही. अमेरिकेत १९१४ साली लॉस एंजेलिसला लोकांनी स्वतःच्या मोटारी काढून पाच सेंटला एक शीट असं सुरू केलं. त्यांना ‘जिटनी’ म्हणत, जिटनी म्हणजे ते पाच सेंटचं नाणं. ट्रामच्या कंपन्यांचं उत्पन्न बुडायला लागलं, त्यांनी ओरड केली, नगरपालिकांनी कडक नियम केले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक जिटनी बंद पडल्या. फिलिपाइन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागं सोडलेल्या जीपा लांब करून लोकांनी ‘जीपनी’ केली. केनियात नैरोबीला ‘मटाटू’ आहेत, नावात तीनचा आकडा, कारण सुरुवातीला भाडं तीन नाणी होतं. तिथं सरकारनं त्या बंद नाही केल्या. १९७३ मध्ये त्यांना मान्यता दिली, आणि २००४ पासून वेगाला आळा घालणारं यंत्र, प्रत्येकाला पट्टा आणि गाडीवर एक पिवळा पट्टा अशा अटी घातल्या. त्या अटी सगळ्या पाळल्या जातात असं कुणी म्हणत नाही. पण गाडी आहे हे तरी मान्य केलं. आपल्याकडं वडाप रस्त्यावर आहे आणि कागदावर नाही.

कागदावर ते एकदा आलं. ऑक्टोबरच्या अखेरीस, २०२१ मध्ये, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. कामगारांची मागणी होती महामंडळ शासनात विलीन करा. संप साडेपाच महिने चालला, एप्रिल २०२२ पर्यंत. नोव्हेंबरात राज्य सरकारनंच आदेश काढून खाजगी गाड्यांना प्रवासी वाहतुकीची तात्पुरती परवानगी दिली. ज्या गाडीला काल दंड होत होता, ती आज स्टँडच्या दारात. त्या महिन्यांत वडापनं आम्हाला तगवलं, ते आम्ही विसरणार नाही. आणि भाडं किती घेतलं, तेही विसरणार नाही. शाळेच्या पोरींचे पास तर पेटीतच राहिले. रोजचं भाडं परवडेना म्हणून आमच्या गावातल्या काही पोरी घरी बसल्या, आणि एकदा घरी बसलेली पोर पुन्हा शाळेत पाठवताना घरातले चार वेळा विचार करतात. त्यातल्या एकीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. संप त्या पोरीमुळं झाला नव्हता आणि भाडं वाढलं ते तिला बघून वाढलं नव्हतं.

मग १७ मार्च २०२३ उजाडला. एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरच्या वरच्यांना प्रवास मोफत झालाच होता, आक्का त्याचं सोनं करतात, कारण असो नसो कोल्हापूरला जाऊन येतात. अर्ध्या तिकिटानं चमत्कार झाला. मोठ्या रस्त्यावरच्या बायांनी वडापकडं पाठ फिरवली. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी अर्धं ते अर्धंच. स्टँडवर बघा, एसटीत उभं राहायला जागा नाही आणि वडापवाला हाका मारून थकला.

आमच्यासारख्या आतल्या गावांना मात्र याचा उलटा फटका बसला, आणि आजचं हे बोलणं खरं तर त्यासाठी आहे. वडापवाला मोठ्या रस्त्यावर जे कमवायचा, त्यातून त्याची आतली खेप सुटायची. आता मोठ्या रस्त्यावर बाई नाही, म्हणून त्यानं आतल्या खेपा कमी केल्या. आमच्या फाट्यापासून आत चार किलोमीटर. दिवसाला सहा खेपा होत्या, आता तीन, त्याही भरल्या तर. अर्ध्या तिकिटाची एसटी फाट्यावरून जाते. फाट्यापर्यंत पोचायला गाडी नाही. सवलत फाट्यावर उभी आणि आम्ही गावात, अशी गत झाली आहे.

आणि यात एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. त्या वडापवाल्याची बायको आमच्या गटात आहे. गेल्या वर्षी तिनं गाडीच्या टायरसाठी आणि विम्यासाठी कर्ज मागितलं, आम्ही सगळ्यांनी सह्या करून दिलं. म्हणजे आम्ही एसटीत बसलो की अर्धं तिकीट वाचतं, आणि तिचा हप्ता थकतो. हप्ता थकला की गटाचा शेरा बिघडतो, पुढच्या कर्जाला बँक प्रश्न विचारते. मागच्या बैठकीत तिनं मान खाली घालून सांगितलं, या महिन्याचं निम्मंच आणलंय. कुणी काही बोललं नाही. ती पुढं म्हणाली, “तुमाला एस्टीत बसू नका म्हणायला माझं तोंड न्हाई. मी बी एस्टीनंच जाते माहेरला.” यावर सगळ्या हसल्या, तीही हसली, पण हप्ता निम्माच होता.

त्यावर बरीच चर्चा झाली. दोन गोष्टी ठरल्या. पहिली, ग्रामसभेत ठराव घेऊन आगाराकडं अर्ज द्यायचा, की सकाळी साडेदहाची आणि दुपारी साडेचारची अशा दोन फेऱ्या फाट्यावर न थांबता गावात आणाव्यात. मुक्कामाची गाडी मागावी असं आक्कांचं म्हणणं होतं, ते अर्जात शेवटी लिहिलं आहे. अर्जावर सह्या आणि अंगठे घेणं सुरू आहे. दुसरी गोष्ट वडापवाल्याशी. एसटी येईल तेव्हा येईल, तोवर फाट्यावर एसटीच्या वेळा धरून त्यानं आत-बाहेर खेप मारायची, भरो वा न भरो. भाडं ठरलेलं, गाडीत लिहिलेलं, बाजारादिवशीही तेच. मागच्या दाराला दोरी नाही, कडी. नऊच्या वर माणूस नाही. बदल्यात गटातल्या वीसजणी महिन्याचे ठरलेले पैसे आगाऊ देतील, म्हणजे रिकाम्या खेपेचा त्याला भार नाही. एकीनं लगेच शंका काढली, की हे तरी कायद्यात बसतं का? महिन्याचा करार करून आपल्याच ठरलेल्या बायांसाठी गाडी घेतली तर ते ठेक्याच्या जवळ जातं, पण वाटेत हात केलेला माणूस घेतला की पुन्हा तेच. त्याच्या पिवळ्या पाटीच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलं आहे, ते आधी परिवहन कार्यालयात विचारून यायचं ठरलं आहे. पुढच्या सोमवारी दोघीजणी कोल्हापूरला जाणार आहेत. परवान्याची आणि विम्याची झेरॉक्स तिनं आणून दिली आहे.

वडापवाल्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. नऊचा आकडा त्याला पटला नाही. “दहा करा की वैनी,” म्हणाला. आम्ही नऊवर ठाम आहोत. कडी मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली.

तोवर आम्ही आमच्या बाजूनं एक बदल केला. गटाची बैठक पाच वाजता असायची, ती आता साडेतीनला घेतो, कारण शेवटचं वडाप साडेपाचला निघतं आणि फाट्यापलीकडच्या तिघींना त्यातच जायचं असतं. तुमच्या गावात शेवटची गाडी किती वाजता आहे, ते रेडिओच्या पत्त्यावर पत्रानं कळवा. गावाचं नाव आणि वेळ, एवढंच लिहिलं तरी चालेल. अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.